न गेलेल्या सहलीचा निबंध

नववीत असताना आपल्या शाळेची सहल अलिबागला गेली होती. तुमच्यापैकी बहुतेकांनी समुद्र पहिल्यांदा तेव्हाच पाहिला. मी त्या सहलीत नव्हते. नव्वद रुपये वर्गणी होती आणि घरी कांदा लावणीचे दिवस होते. तुम्ही परत आल्यावर मराठीच्या सरांनी ‘माझी अविस्मरणीय सहल’ हा निबंध घातला. न गेलेल्यांना दुसरा विषय होता, पण मी तुमच्याकडून ऐकलेले तुकडे जोडून अलिबागवरच लिहिले. सर नवीन होते. त्यांनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला आणि दहापैकी आठ गुण दिले. वर्गातल्या कोणीही तोंड उघडले नाही, त्याबद्दल आज जाहीर आभार!

गेल्या डिसेंबरात आईला घेऊन अलिबागला जाऊन आले. डिंगोऱ्याहून निघून माळशेज उतरलो, मग मुरबाड, कल्याण, पनवेल, वडखळ. समुद्राकडे जाणारी वाट आपल्या भागाला नवी नाही. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरचा माल नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जायचा, आणि जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आजही आहेत. तरी आमच्या घरात समुद्र पाहणारी पहिली मीच, तीही इंजिनिअरिंगसाठी मुंबईला गेल्यावर. वडील समुद्र न पाहताच गेले.

आता निबंधातल्या चुका. ‘कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांनी बांधून पूर्ण केला’ असे मी लिहिले होते. महाराजांनी १६८० च्या मार्चमध्ये बांधकामाचा हुकूम दिला आणि ३ एप्रिलला ते गेले. किल्ला पुरा झाला संभाजी महाराजांच्या काळात. मोठमोठे दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचले आहेत, त्यामुळे लाटेचे पाणी फटींतून शिरते आणि निघून जाते, हे मात्र बरोबर लिहिले होते. ते मला कोणी सांगितले होते, आठवत नाही. ज्याने सांगितले त्याने नीट पाहिले होते.

सगळ्यात मोठी चूक तोफांची. ‘याच तोफांनी कान्होजी आंग्र्यांनी इंग्रजांना पळवून लावले’ हे वाक्य सरांनी दोनदा वाचले होते. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावरच्या त्या दोन तोफांजवळ मी वाकून अक्षरे वाचली. लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर, इंग्लंड! तो कारखाना निघाला १७९१ मध्ये आणि सरखेल कान्होजी वारले १७२९ मध्ये. म्हणजे ज्यांना पळवले म्हणून मी लिहिले, तोफा त्यांच्याच देशातल्या, आणि त्याही कान्होजींच्या कितीतरी नंतरच्या.

पळवून लावल्याची गोष्ट मात्र खोटी नाही. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले होते. इंग्लंडच्या आरमाराचा कमोडोर मॅथ्यूजही सोबत होता. हल्ला फसला, बाजीराव पेशवे कान्होजींच्या मदतीला आले, आणि पोर्तुगीजांनी वेगळा तह करून अंग काढून घेतले. कान्होजींची समाधी अलिबाग गावातच आहे. किनाऱ्यावर शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते, समाधीपाशी आम्ही गेलो तेव्हा आम्ही दोघीच होतो. ज्या गावातून त्या माणसाने युरोपच्या आरमारांना जेरीस आणले, त्या गावावरून आपण ‘अलिबागहून आलास का’ म्हणत एकमेकांना वेड्यात काढतो. (या वाक्प्रचारावर बंदी घालावी म्हणून २०१९ मध्ये उच्च न्यायालयात याचिका गेली होती. न्यायालयाने ती फेटाळली.)

एक गोष्ट तुमच्यापैकी कोणीच मला सांगितली नव्हती, म्हणून निबंधात आली नाही. किनाऱ्याजवळ चुंबकीय वेधशाळा आहे. मी ती कुंपणाबाहेरूनच पाहिली, पण सगळ्या सहलीत जास्त वेळ तिथेच उभी राहिले. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी १८४१ पासून होत असे. २ सप्टेंबर १८५९ ला सूर्याकडून आलेल्या प्रचंड वादळाने तिथल्या नोंदीत सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण दिसली. हाताने टिपलेले ते आकडे शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये पुन्हा अभ्यासायला घेतले, कारण तसे वादळ पुन्हा आले तर उपग्रहांचे आणि विजेच्या जाळ्याचे काय होईल, याचा अंदाज त्यांवरून बांधता येतो.

पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने सूची हलणार आणि नोंदी बिघडणार. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. इमारतीला पोरबंदरचा दगड वापरला आणि लोखंड टाळून तांबे-पितळ वापरले. ती १९०४ मध्ये सुरू झाली, पण मूस यांनी जुनी लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे दोन जागांतला फरक कळावा आणि मालिका तुटू नये. आमच्या धंद्यात याला पॅरलल रन म्हणतात. मागच्या मोठ्या सिस्टिम बदलाला आम्ही दोन आठवडे दिले होते आणि तेवढ्यावरही साहेब कुरकुरत होते. मूस यांनी दोन वर्षे दिली. म्हणून आजही अलिबागचा आकडा कुलाब्याच्या आकड्याला जोडून वाचता येतो.

ओहोटीला आईने साडी घोट्याच्या वर धरली आणि किल्ल्यापर्यंत चालत आली. घोडागाडीत बसायला तयार झाली नाही. आतल्या गणपतीला नमस्कार करून तटावर बसल्यावर म्हणाली, ‘‘नव्वद रुपये होते गं तेव्हा घरात. मजुरांसाठी ठेवलेले. तुझे वडील द्यायला निघाले होते, मीच नको म्हटलं.’’ मला इतकी वर्षे उलटेच वाटत होते.

एवढ्यात घोडागाडीवाल्याने हाक मारली, पाणी चढायला लागले होते. परतताना बाजारात आईने पांढऱ्या कांद्याची वेणी हातात घेतली, भाव विचारला आणि आपल्या जुन्नरच्या कांद्याशी तुलना करत दुकानदाराशी पंधरा मिनिटे वाद घातला. शेवटी दोन वेण्या घेतल्या.

सर, तुम्ही मेळाव्याला येणार आहात असे कळले. ती वही आईने जपून ठेवली आहे. मी ती घेऊन येते. गुण कमी करायचे असतील तर तोफांचे करा, दगडांचे करू नका.