परकीय यंत्रसामग्री, भ्रमणध्वनीचे जाळे आणि राष्ट्रीय सुरक्षा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगर प्रदेशातील वीजपुरवठा खंडित होऊन उपनगरी रेल्वेगाड्या थांबल्या. बदलापुरातील बेलवलीसारख्या, नोकरीधंद्यासाठी या गाड्यांवर विसंबून असलेल्या वस्त्यांनाही त्याची झळ पोहोचली. मार्च २०२१ मध्ये राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी यामागे सायबर घातपाताचा संशय व्यक्त केला. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र मानवी चूक हे कारण सांगितले. विजेचे आणि भ्रमणध्वनीचे जाळे भिन्न असले, तरी दोहोंबाबत एकच मूलभूत प्रश्न उभा राहतो : ज्या यंत्रणेवर समाज विसंबतो, तिच्या अंतरंगात काय घडते हे राष्ट्राला स्वतः तपासता येते काय?

पूर्वपीठिका

हा प्रश्न नवा नाही. १८७० मध्ये मुंबई समुद्री तारेने इंग्लंडशी जोडली गेली. ती तार ब्रिटिश कंपन्यांच्या मालकीची होती. ५ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटनने जर्मनीच्या समुद्री तारा तोडल्या. परिणामी जर्मनीला इतरांच्या तारांचा आश्रय घ्यावा लागला आणि १९१७ मध्ये झिमरमन यांचा गुप्त संदेश ब्रिटिशांच्या हाती पडला. संदेशवहनाचे साधन ज्याच्या ताब्यात, त्याच्यापासून गुपित राखणे अवघड, हाच त्याचा अर्थ होय.

भारतातील धोरण

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये बंगळूरची इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज आणि १९८४ मध्ये सी-डॉट या संस्था स्वावलंबनाच्या हेतूने स्थापन झाल्या. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानंतर आलेले भ्रमणध्वनीचे जाळे मात्र प्रामुख्याने आयात यंत्रसामग्रीवर उभे राहिले. प्रथम युरोपीय, पुढे स्वस्त दरामुळे हुआवे व झेडटीई या चिनी कंपन्यांच्या. अशा जाळ्याची आज्ञावली पुरवठादार दुरूनही बदलू शकतो. म्हणून खरेदीच्या दिवशी केलेली तपासणी पुरेशी ठरत नाही.

जुलै २०१० मध्ये शासनाने मूळ आज्ञावली भारतात सुरक्षित ठेवण्याची अट घातली. परकीय कंपन्यांच्या विरोधानंतर मे २०११ मध्ये ती शिथिल होऊन सुरक्षेची जबाबदारी परवानाधारकांवर आली व ५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. गलवानच्या संघर्षानंतर, १६ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या निर्देशानुसार १५ जून २०२१ पासून नवी सामग्री केवळ 'विश्वासार्ह स्रोतां'कडूनच घेणे बंधनकारक झाले. तथापि आधी बसविलेली सामग्री काढून टाकण्याची सक्ती त्यात नव्हती.

निष्कर्ष

चीनच्या २०१७ च्या गुप्तवार्ता कायद्याने तेथील संस्थांवर शासनाला साहाय्य करण्याचे बंधन घातले आहे. परंतु २०१३ मधील एडवर्ड स्नोडेन यांच्या गौप्यस्फोटांनी अमेरिकेची व्यापक टेहळणीही उघड केली. यास्तव एका देशाऐवजी दुसऱ्या देशाची सामग्री घेणे हे सुरक्षेचे पूर्ण उत्तर नव्हे. २७ सप्टेंबर २०२५ रोजी लोकार्पण झालेले बीएसएनएलचे स्वदेशी ४जी जाळे हे त्या दिशेचे महत्त्वाचे पाऊल आहे. मात्र स्वदेशी असणे म्हणजे आपोआप सुरक्षित असणे नव्हे. यंत्रणा उघडून पाहण्याची, दोष शोधण्याची व तो स्वतः दुरुस्त करण्याची क्षमता हाच खरा निकष होय. आणि ती क्षमता घडविण्याचे दायित्व संरक्षण खात्याइतकेच अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालयांवरही येते.