चार चाकं, एक पेडल

मेकॅनिकल ब्रेकच्या जुन्या गाडीत पायापासून चाकापर्यंत सगळा कारभार लोखंडाचा असतो: रॉड, तरफा, नाहीतर केबल. आजच्या गाडीत पाइपातलं तेल पेडलचा दाब आपणहून वाटून देतं. इथे मात्र एका रॉडला थोडी ढील राहिली, तरी ते चाक उशिरा धरतं आणि गाडी एका बाजूला ओढते. चारही चाकांना सारखं वागवण्याचं काम माणसाच्या हातावर सोपवलेलं आहे. ती विद्या टप्प्याटप्प्याने घडली.

सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीसारखाच ब्रेक होता: चाकावर दाबले जाणारे लाकडी ठोकळे. ऑगस्ट १८८८मध्ये बर्था बेंझ मानहाइमहून फोर्झहाइमला मोटार घेऊन निघाल्या, तेव्हा उतारांवर हे ठोकळे झिजले. त्यांनी वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. आजच्या ब्रेक लायनरचा हा पूर्वज. झीज ओळखायची आणि जिथे झीज तिथेच ती भरून काढायची, हा धडाही त्याच प्रवासातला.

१९०२ साली लुई रेनो यांचा ड्रम ब्रेक आला. ठोकळे, म्हणजेच शू, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमच्या आत गेले, चिखलापासून वाचले, पण डोळ्यांआडही झाले. आता झीज चाक हाताने फिरवूनच कळायची.

पुढे बराच काळ बहुतेक गाड्यांच्या फक्त मागच्या चाकांना ब्रेक असे. पुढच्या चाकांची अडचण खरी होती. चाक वळताना रॉडवर ताण आला, तर पेडल न दाबताच ब्रेक लागणार. फ्रान्सच्या आंरी पेरो यांनी सांधे असलेल्या आडव्या दांड्याने ही अडचण सोडवली. फोर्डने १९२७च्या मॉडेल ए गाडीत ब्रेकची पिन किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या खुंटीवर वळतं तिच्या, पोटातून खाली नेली. चाक वळतं त्याच अक्षावरून दाब खाली जात असल्यामुळे वळण्याचा त्यावर परिणाम होईना.

चार चाकांना ब्रेक आले आणि ते जुळवणं हे स्वतंत्र कसब झालं. मॉडेल एची चारही चाकं अधांतरी राहतील अशी गाडी उचलायची. पेडल मोकळं असताना प्रत्येक तरफ आपल्या मूळ जागी परतते ना, ते आधी पाहायचं. मग ड्रममागच्या बॅकप्लेटवरचा चौकोनी अ‍ॅडजस्टर पान्याने आवळायचा आणि चाक मोकळं फिरेल इतका सैल करायचा. त्यानंतर सीट आणि पेडल यांच्यामध्ये फळी अडकवून पेडल थोडं दाबलेलं ठेवायचं आणि एकेक चाक फिरवून बघायचं. डावं-उजवं सारखंच जड लागलं पाहिजे. मागची जोडी आधी धरावी, पुढची तिच्या मागोमाग. कारण पुढची चाकं जाम झाली की स्टिअरिंग हातचं जातं. इंग्लंडमध्ये अल्बर्ट गर्लिंग यांच्या १९२५च्या पेटंटमधून पाचरीने शू फाकवणारे ब्रेक आले. त्यांच्या अ‍ॅडजस्टरला खटके असल्याने किती सैल केलं ते मोजता येऊ लागलं.

तेलाचे ब्रेक ड्यूसेनबर्ग गाडीत १९२१ सालीच आले होते. तरी मेकॅनिकल ब्रेक सहजी गेले नाहीत. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ साली गाड्या जुळवायला घेतल्या. त्या वर्षीच्या शेव्हरोलेच्या चारही चाकांना मेकॅनिकल ब्रेकच होते. फोर्डने तर १९३८च्या मॉडेलपर्यंत मेकॅनिकल ब्रेक सोडले नाहीत.

अशी गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांना एक विनंती. ब्रेक सैल वाटला म्हणून रॉड आखूड करू नका. रॉडची लांबी तरफांचा कोन ठरवते. तो बिघडला की पेडल वर लागतं, भरवसाही वाटतो, पण ओढीचा जोर कमी झालेला असतो. झीज चाकापाशी होते, ती चाकापाशीच भरून काढा. आणि अ‍ॅडजस्टर संपला असेल, तर लायनर बदला.