पिक्चर कसा वाटला?

टॉवरपाशी दोन ओळखीची माणसे भेटली की ख्यालीखुशालीनंतर हा प्रश्न येतोच. उत्तर देणारा काही समीक्षक नसतो. तो बँकेतला असेल, शाळेतला असेल, नाहीतर नुकतीच भाजी घेऊन निघालेली एखादी काकू असेल. ‘पहिला भाग बरा आहे, पुढे नुसता ताणलाय,’ एवढ्या दोन वाक्यांवर समोरचा तिकीट काढायचे की नाही ते ठरवतो. सामान्य प्रेक्षकाच्या या बोलण्याची नोंद कोणी ठेवत नाही, पण त्यालाही इतिहास आहे आणि तो आपल्या चित्रपटाइतकाच जुना आहे.

किंबहुना आपला चित्रपट या बोलण्यातूनच सुरू झाला म्हटले तरी चालेल. १९१०-११ च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. तेव्हा ते ‘दादासाहेब’ झाले नव्हते, पैसे देऊन आत शिरलेले एक प्रेक्षक होते. त्यांनी तोच चित्रपट पत्नी सरस्वतीबाईंना दाखवला. आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का येऊ नयेत, हा ध्यास त्यांना तिथेच लागला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्याच्या मुळाशी एका प्रेक्षकाला न आवरलेले मत होते.

मूकपटाच्या काळात मत द्यायला घरी पोहोचण्याचीही गरज नसे. पडद्यावर मजकुराची पाटी आली की वाचता येणारा मोठ्याने वाचे आणि शेजारच्या दोघा-चौघांना अर्थ सांगे. बोलपट आल्यावर पडदा बोलू लागला आणि प्रेक्षकाचे बोलणे थिएटरातून रस्त्यावर आणि तिथून घरात गेले.

आपल्यासारख्या मालव्यातल्या मराठी घरांसाठी हा बदल विशेष महत्त्वाचा होता. उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होते. शिंद्यांची गादी १८१० मध्ये लष्करला गेली, तरी इथली मराठी वस्ती टिकली. घरात मराठी आणि बाजारात हिंदी, अशी आपली रीत होती. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या आणि १९३३ मध्ये पुण्याला आलेल्या प्रभात कंपनीची रीत याच्याशी जुळणारी निघाली. ती अनेक चित्रपट दोन्ही भाषांत काढी: १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘अयोध्या का राजा’, १९३७ चा ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, १९४१ चा ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’. हिंदी मुलखात साहजिकच हिंदी आवृत्तीला गिऱ्हाईक अधिक. म्हणजे पाहायचे हिंदीत आणि वाद घालायचा मराठीत!

वाद घालण्याजोगे त्यात होतेही पुष्कळ. व्ही. शांतारामांचा ‘कुंकू’ ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेला. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते. शांता आपटे यांनी ती नीरा उभी केली आणि केशवराव दाते यांनी काकासाहेब. हा चित्रपट पाहून आलेल्या घरात ‘तिचे बरोबर की चूक?’ हा प्रश्न टळणे कठीण होते. ज्या घरात सुनेने सासऱ्यांसमोर स्वतःच्या लग्नाविषयी अवाक्षर काढायचे नाही, त्या घरात नीरेच्या लग्नाविषयी मात्र तिला बोलता येत होते. नाव नीरेचे, पण मत स्वतःचे. सिनेमावरच्या गप्पांचा हा मोठा उपयोग होता. जे स्वतःच्या नावावर बोलता येत नाही, ते पडद्यावरच्या माणसाच्या नावावर बोलता येई.

‘पडोसी’चेही तसेच. दोन शेजाऱ्यांतल्या हिंदू ठाकूरची भूमिका मझहर खान यांनी केली आणि मुसलमान मिर्झाची गजानन जागीरदार यांनी. ही अदलाबदल मुद्दाम केलेली होती. ज्या गल्लीत दोन्ही समाज राहतात, तिथे या चित्रपटावरची चर्चा नटांच्या कामापाशी थांबणारी नव्हती.

या इतिहासात आपल्या गावचा एक धागा आहे आणि तो नव्या पिढीला ठाऊक असावा. वनमाला यांचा जन्म १९१५ मध्ये उज्जैनचा. पवारांच्या या सुशिक्षित, खानदानी मुलीने सिनेमात जावे हे घरी पसंत नव्हते. १९४१ च्या सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये त्या देशभर गाजल्या. पुढे १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी साने गुरुजींच्या पुस्तकावरून ‘श्यामची आई’ काढला, त्यात आई झाल्या त्या वनमालाच. पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत, १९५४ मध्ये, या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. ‘चांगल्या घरच्या मुली सिनेमात जात नाहीत’ असे म्हणणाऱ्या समाजानेच ‘आई असावी तर अशी’ असे म्हणत डोळे पुसले. मत बदलते ते असे, पाहून आणि त्यावर बोलून.

१९८० च्या दशकात टीव्ही घरोघर आला. दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले चित्रपट दाखवीत आणि त्यात कधीतरी मराठीची पाळी येई. त्या दुपारी शेजारचे गुप्ताजी-शर्माजी बसले असतील तर खालच्या इंग्रजी ओळींपेक्षा आपले हिंदी भाषांतर त्यांना जवळचे. पूर्वी आपण हिंदी पाहून मराठीत बोलत होतो, आता मराठी पाहून हिंदीत समजावू लागलो.

आज साधनांची कमतरता नाही. २००४ मध्ये आलेल्या ‘श्वास’ने ‘श्यामची आई’नंतर प्रथमच मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. २०१६ चा ‘सैराट’ तर मराठी न समजणाऱ्यांनीही पाहिला. मोबाईलवर हवा तो मराठी चित्रपट मिळतो. पण तो ज्याचा त्याने कानात बोंडे घालून पाहायचा. मग मुलांना ‘कसा वाटला?’ विचारले की उत्तर येते, ‘अच्छी थी.’ चित्रपट मराठी, विचारणारी आजी मराठी, आणि मत हिंदीत.

यात मुलांचा दोष काढण्याचे कारण नाही. आपण त्यांना आरत्या शिकवल्या, अथर्वशीर्ष पाठ करून घेतले. त्या पाठांतराचे मोल आहेच. पण पाठ केलेल्या ओळींत स्वतःचे मत सांगावे लागत नाही. ‘मला पटले नाही, कारण...’ असे म्हणून पुढचे वाक्य ज्या भाषेत सुचते, ती आपली भाषा. आपल्या आज्या-पणज्यांना ते वाक्य मराठीत सुचत होते, कारण ऐकून घेणारे, प्रसंगी भांडणारे कोणी घरात होते.

गणेशोत्सवात रस्त्यात पडदा बांधून चित्रपट दाखवण्याची प्रथा महाराष्ट्रात गल्लोगल्ली होती. पुढे जागा नसली की लोक पडद्यामागे बसत. तिथून अक्षरे उलटी दिसत आणि नायक डावखुरा, पण गप्पांत काही कमी पडत नसे. यंदा नाही तर पुढच्या वर्षी, आपल्या उत्सवातली एक संध्याकाळ अशी ठेवता येईल. आरतीनंतर एक मराठी चित्रपट आणि तो संपल्यावर लगेच न उठता अर्धा तास गप्पा. पहिली संधी मुलांना द्यावी. त्यांच्या बोलण्यात हिंदी शब्द येतील, लिंग चुकेल. ते मध्येच सुधारू नये. फक्त ‘का बरे तसे वाटले?’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. प्रसाद त्यानंतर वाटला तरी चालेल.