पटनी बंधूंच्या संगणक-पेढीची हकीगत

पवनीकरांस धंद्याचा उदय आणि अस्त नवीन नाही. वैनगंगेकाठच्या या गावी रेशीमकाठी वस्त्रे विणणारे माग एके काळी घरोघरी चालत; आज ते मोजकेच उरले आहेत. ज्या धंद्यात सूतही नाही आणि मागही नाही, अशा एका पेढीची हकीगत यंदा ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

नरेंद्र पटनी हे रुडकीस अभियांत्रिकी शिकून अमेरिकेत एम. आय. टी. या विख्यात संस्थेत गेले. तेथेच, केंब्रिज शहरी, त्यांनी व त्यांच्या पत्नी पूनम यांनी १९७२ साली 'डेटा कन्व्हर्जन' नावाची छोटी कंपनी काढली. तिकडील छापील कागद हिंदुस्थानात पाठवावेत, येथे अल्प खर्चात ते टंकून संगणकास वाचता येईल अशा स्वरूपात उतरवावेत व परत धाडावेत, ही कल्पना. तिची परीक्षा राहत्या घरातच झाली. एका खोलीस अमेरिका म्हटले, दुसरीस हिंदुस्थान. आणि या खोलीतून त्या खोलीत तोंडाने बोलावयाचे नाही, काय ते लेखी कळवावयाचे, असा नियम केला. शुद्धलेखन घालण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माझ्यासारख्या मास्तरास हा नियम फार आवडला! सूचना निःसंदिग्ध लिहिता आली तरच दूरदेशीचे काम बिनचूक होते. प्रत्यक्ष काम पुण्यात सुरू झाले.

१९७८ साली 'पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स' स्थापन झाली. त्या काळी परकीय चलनाची टंचाई होती. संगणक आयात करावयाचा, तर बदल्यात सॉफ्टवेअर निर्यात करण्याची हमी सरकारास द्यावी लागे. या अडचणीतूनच धंद्यास वाट सापडली. पेढीच्या सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख नारायण मूर्ती होते. १९८१ साली ते व त्यांचे सहा सहकारी बाहेर पडले आणि पत्नी सुधाताईंनी दिलेल्या १०,००० रुपयांवर त्यांनी पुण्यात इन्फोसिस काढली. ही फांदी पुढे मूळ झाडाहून मोठी झाली.

पटनींची पेढीही वाढत राहिली. २००४ साली तिचे भाग मुंबईच्या बाजारात आले, २००५ साली न्यूयॉर्कच्या. परंतु मालकीचा मोठा हिस्सा नरेंद्र, गजेंद्र व अशोक या तीन भावांच्या घरांत होता, आणि त्यांच्यातील मतभेदांच्या वार्ता वृत्तपत्रांतून येऊ लागल्या. विक्रीची बोलणी निघत व मोडत. आमच्याही घरी तीन भावांत दोन माग होते. वाटणीच्या दिवशी एक माग उकलून त्याची लाकडे वाटून घेतली. त्यावर पुन्हा वीतभर कापड निघाले नाही. पटनींचा माग अखंड राहिला, पण परक्या हाती गेला.

जानेवारी २०११ मध्ये 'आयगेट' या आकाराने लहान असलेल्या कंपनीने कर्ज उभारून पटनींचे सुमारे ६३ टक्के भाग घेण्याचा करार केला. हा सारा व्यवहार सुमारे १२२ कोटी डॉलरांचा होता. काही काळ 'आयगेट पटनी' हे जोडनाव चालले, मग त्यातील 'पटनी' गळाले. २०१५ साली आयगेटही फ्रान्सच्या कॅपजेमिनीने सुमारे ४०० कोटी डॉलरांस विकत घेतली.

पटनी ही पाटी आता पुण्यात शोधून सापडावयाची नाही. इन्फोसिसची मात्र हिंजवडीस मोठी वसाहत उभी आहे.