कुंडीतल्या मातीची कुळकथा



शहरातल्या दिवाणखान्यात कुंडीतला अरेका पाम दिसतो, तो कुठल्यातरी रोपवाटिकेतून आलेला असतो. नावात अरेका असले तरी ही आपली पोफळ नव्हे बरं का! हे झाड मूळचे मादागास्कर बेटावरचे. तुमच्यापैकी कोणी शेतीला जोडधंदा म्हणून अशी रोपे करत असेल, तर त्याला ठाऊक आहे की कुंडी बदलली आणि दोन महिन्यांत पाने पिवळी पडली, की सगळे भांडवल बुडते. दोष बहुधा मातीचा असतो.

शेतात पाणी खाली खोल निचरून जाते. कुंडीत खाली जागाच नाही. आपली काळी माती कुंडीत भरली तर ओली असताना चिखल होतो आणि वाळली की आक्रसून कुंडीची कड सोडते. मग घातलेले पाणी कडेने सरळ भोकातून पळते आणि मुळे कोरडीच राहतात.

विलायतेतल्या माळ्यांनी या मातीपायी पुष्कळ वर्षे डोके खाजवले. एकोणिसाव्या शतकात तिकडे घरात पाम ठेवण्याची मोठी हौस होती. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या लॉर्ड हाव बेटावरून केंटिया पामचे बी तिकडे जाई. प्रत्येक झाडाला निराळी माती, आणि प्रत्येक जुन्या माळ्याचे मिश्रण निराळे! एकाला साधले ते दुसऱ्याला साधेलच असे नाही.

हा गोंधळ निस्तरला तो लंडनजवळ मर्टन येथील जॉन इनेस संस्थेत. ही संस्था १९१० साली सुरू झाली. १९३०च्या दशकात तिथे प्रिम्युला या फुलझाडाची रोपे मातीतल्या रोगाने मरू लागली. विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल या दोघांनी मग मातीचाच पाठपुरावा केला. मातीला सुमारे ८२ अंश सेल्सिअसपर्यंत वाफ द्यायची, म्हणजे रोग मरतात. जास्त वेळ तापवली तर मात्र रोपांना बाधते. कुंडीसाठी त्यांनी मापाने ७ भाग पोयटा, ३ भाग पीट आणि २ भाग जाड वाळू हे प्रमाण ठरवले. खत म्हणून खुर-शिंगांचा चुरा, सुपर फॉस्फेट, सल्फेट ऑफ पोटॅश आणि थोडा चुना. एकच मिश्रण, फक्त खत कमीजास्त करून, बहुतेक झाडांना चालले! आणि मला त्यांचे कौतुक वाटते ते याचे, की ही कृती त्यांनी छापून सर्वांना मोकळी करून दिली.

आता पीट म्हणजे थंड मुलखातल्या दलदलीत शेवाळ कुजून झालेला पदार्थ. तो आपल्याकडे कुठला? पण नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा तेच काम करतो. रोपवाटिकावाले त्याला कोकोपीट म्हणतात. त्यात क्षार असतात, म्हणून दोन-तीनदा गोड्या पाण्यात भिजवून पाणी काढून टाकावे.

वाफेची भट्टीही नको. १९७६ साली इस्रायलमध्ये कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की ओल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिक पसरून उन्हाने तापवली तरी पुष्कळसे रोग मरतात. आपला एप्रिल-मे त्याला उत्तम. माती ओली करून अर्धा फूट जाड पसरा, कडा मातीत दाबा आणि चार ते सहा आठवडे तशीच ठेवा.

पामसाठी ३ घमेली पोयटा किंवा लाल माती, २ घमेली धुतलेला भुसा, १ घमेले चांगले कुजलेले शेणखत आणि १ घमेले जाड वाळू घ्यावी. वाळू समुद्राची नको. मुळे भोकातून बाहेर डोकावू लागली, की पावसाळ्याच्या तोंडाशी कुंडी बदला. नवी कुंडी दोन इंचच मोठी हवी. थोर कुंडीत माती फार दिवस ओली राहते आणि मुळे कुजतात. मुळांचा गड्डा फोडू नका, पामला ते मानवत नाही. बुंधा आधी होता त्याहून खोल पुरू नका. तळाला खड्यांचा जाड थर देण्याची जुनी चाल सोडून द्या, कारण पाणी त्या थराच्या वरच्या मातीत अडून राहते. भोकावर खापराचा एक तुकडा पुरे. मग एकदा भरपूर पाणी देऊन कुंडी सावलीत ठेवा, आणि वरची इंचभर माती कोरडी लागेपर्यंत दुसरे पाणी देऊ नका.