कोर्तेस, हुंता आणि काबिल्दो

परक्या देशाचा इतिहास मराठीत सांगताना तेथील राजांची आणि लढायांची नावे फारसा त्रास देत नाहीत. लेखणी अडखळते ती राज्यकारभाराच्या शब्दांपाशी. स्पेन आणि त्याच्या जुन्या वसाहती यांच्या इतिहासात ‘कोर्तेस’, ‘हुंता’, ‘काबिल्दो’, ‘कोन्सेहो’ हे शब्द पानोपानी भेटतात. कोर्तेस म्हणजे संसद, हुंता म्हणजे लष्करी राजवट, काबिल्दो म्हणजे नगरपालिका, असे तयार पर्याय योजले की वाक्य सुरळीत वाचता येते. परंतु त्या सुरळीतपणात सत्य पुष्कळदा हरवून जाते. ते कसे, हे पाहण्यासारखे आहे.

‘कोर्तेस’पासून आरंभ करू. या शब्दाचे मूळ लॅटिन ‘कोहोर्स’ म्हणजे कुंपण घातलेले अंगण. अंगणापासून वाडा, वाड्यापासून राजाचा परिवार आणि त्यातून राजाचा दरबार, असा या शब्दाचा प्रवास झाला. इंग्रजीतून आपल्याकडे आलेले ‘कोर्ट’ याच घराण्यातले. म्हणून घाईत वाचणारा कोर्तेसला न्यायालय समजून बसतो. घोटाळ्यात भर अशी की, स्पेनमध्ये सर्वोच्च न्यायालयाला ‘त्रिबुनाल सुप्रेमो’ म्हणतात, तर अमेरिकेतील अनेक स्पॅनिशभाषक देशांत ‘कोर्ते सुप्रेमा’ म्हणतात. एकवचनी ‘कोर्ते’ तेथे न्याय देते. स्पेनमधील अनेकवचनी ‘कोर्तेस’ मात्र कायदे करते.

१११८८ हा आकडा नव्हे, तर ११८८ हे साल येथे ध्यानात ठेवावे. त्या वर्षी लेओनचा राजा नववा आल्फोन्सो याने सभा बोलावली. बिशप आणि सरदार अशा सभांना पूर्वीपासून येतच असत. या वेळी त्यांच्या जोडीला नगरांतून निवडलेले नागरिकही आले. त्या सभेच्या लॅटिन लेखात तिला ‘कुरिया’ म्हटले आहे. रोमच्या कुरियामुळे हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. युरोपातील प्रतिनिधिक सभेचा सर्वांत जुना लिखित पुरावा म्हणून युनेस्कोने २०१३ साली त्या लेखांची नोंद केली. पुढे अशा सभांना कोर्तेस हे नाव रूढ झाले आणि नगरांच्या प्रतिनिधींना ‘प्रोकुरादोर’ म्हणू लागले. प्रोकुरादोर म्हणजे मुखत्यार. आपल्या नगराने दिलेल्या आज्ञेच्या बाहेर त्याने जाऊ नये, अशी अपेक्षा असे.

१८१० साली हा अर्थ मुळापासून बदलला. नेपोलियनच्या फौजांनी बहुतेक स्पेन व्यापला होता आणि राजा सातवा फेर्नांदो फ्रान्समध्ये कैदेत होता. २४ सप्टेंबर १८१० रोजी काडिझजवळच्या इस्ला दे लेओन येथे मिस्सा आणि शपथविधी झाल्यावर कोर्तेसचे अधिवेशन सुरू झाले. त्याच दिवशी दियेगो मुन्योझ तोर्रेरो या धर्मगुरूने प्रस्ताव मांडला की सार्वभौमत्व राष्ट्राचे आहे. येथे जमलेले सभासद ‘दिपुतादो’ होते. ते एकेका नगराचे मुखत्यार राहिले नाहीत, साऱ्या राष्ट्राचे प्रतिनिधी झाले. सभेने जुने नाव मात्र सोडले नाही. आपण काही नवे करीत नसून पूर्वजांचेच हक्क परत मिळवीत आहोत, हे तिला दाखवायचे होते.

१९ मार्च १८१२ रोजी जाहीर झालेल्या या सभेच्या संविधानात आपल्या वाचकांना विशेष जिव्हाळा वाटावा अशी एक गोष्ट आहे. निवडणुकीची पहिली पायरी होती ‘हुंता दे पार्रोकिया’, म्हणजे धर्मग्रामाची सभा. मतदारांनी प्रथम धर्मग्रामाच्या मंदिरात जावे, तेथे पवित्र आत्म्याची गायनी मिस्सा व्हावी, धर्मगुरूंनी प्रसंगोचित प्रवचन करावे आणि मग मतदान व्हावे, असे संविधानातच लिहिले होते. १८१४ साली परतलेल्या राजाने हे संविधान रद्द केले. मुन्योझ तोर्रेरो यांना तुरुंगवास घडला आणि १८२९ साली पोर्तुगालमधील एका किल्ल्यात, बंदिवासातच, त्यांचा अंत झाला. एका शब्दाला नवा अर्थ देण्याची किंमत एवढी मोठी होती.

याच कोर्तेस शब्दाचा पुढे उलटा उपयोगही झाला. यादवी युद्ध जिंकल्यावर जनरल फ्रांको यांनी १९४२ साली ‘कोर्तेस एस्पान्योलास’ स्थापन केली. सभासदांना ‘दिपुतादो’ न म्हणता मध्ययुगातील ‘प्रोकुरादोर’ हे नाव पुन्हा दिले. नावाला परंपरेचे वलय होते. मोकळी निवडणूक आणि विरोधी पक्ष मात्र नव्हते. फ्रांको यांच्या निधनानंतर, १८ नोव्हेंबर १९७६ रोजी, याच सभेने ४२५ विरुद्ध ५९ मतांनी राजकीय सुधारणेचा कायदा संमत करून स्वतःच्या विसर्जनाची वाट मोकळी केली. १९७८ च्या संविधानाने ‘कोर्तेस हेनेरालेस’ निर्माण केली. तिची दोन सभागृहे म्हणजे दिपुतादोंची काँग्रेस आणि सेनेट. आता ११८८, १८१०, १९४२ आणि १९७८ या चारही ठिकाणी ‘संसद’ हा एकच शब्द लिहिला, तर दरबार, राष्ट्रसभा, हुकूमशहाची सभा आणि लोकशाही यांतील भेद वाचकाला कळावा कसा?

‘हुंता’ या शब्दावर तर मोठाच अन्याय झाला आहे. आपली वृत्तपत्रे त्याला इंग्रजी उच्चाराच्या वळणाने ‘जुंटा’ लिहितात आणि तो वाचताच डोळ्यांपुढे लष्करी गणवेश येतो. १९७३ साली चिलीत सत्ता बळकावणाऱ्या सेनाधिकाऱ्यांनी हेच नाव घेतले होते, हे खरे. परंतु हुंता म्हणजे मुळात एकत्र आलेले मंडळ. शेजाऱ्यांची बैठकही हुंता आणि संस्थेचे कार्यकारी मंडळही हुंताच. आजच्या स्पेनमध्ये आंदालुसियाचे प्रांतिक सरकार ‘हुंता’ म्हणवते, तर आस्तुरियास प्रांतात ‘हुंता हेनेराल’ हे विधिमंडळाचे नाव आहे. एकच शब्द एका प्रांतात कायदा राबवतो आणि दुसऱ्यात तो करतो.

‘काबिल्दो’चे मूळ लॅटिन ‘कापितुलुम’ म्हणजे अध्याय. मठात रोज नियमावलीचा एक अध्याय वाचला जाई. त्यावरून तेथे जमणाऱ्या मंडळींना आणि पुढे कॅथेड्रलच्या धर्मगुरुमंडळालाही तेच नाव पडले. नगराच्या कारभारी मंडळानेही ते उचलले. २२ मे १८१० रोजी ब्वेनोस आयरेसच्या काबिल्दोने प्रतिष्ठित नागरिकांची खुली सभा बोलावली. तेथे बिशप बेनितो लुए यांनी स्पेनच्या सत्तेची बाजू मांडली. तीनच दिवसांनी स्थापन झालेल्या पहिल्या हुंतामध्ये मान्वेल आल्बेर्ती हे धर्मगुरू सभासद होते. दोघे एकाच श्रद्धेचे, परंतु सत्ता कोणाची या प्रश्नावर त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

‘कोन्सेहो’ची गंमत निराळी. लॅटिनमध्ये एका अक्षराच्या फरकाने लिहिले जाणारे ‘कोन्सिलियुम’ असे दोन वेगळे शब्द होते. एकाचा अर्थ सभा, दुसऱ्याचा सल्ला. पहिल्यापासून नगरसभा हा अर्थ असलेला शब्द आला आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला स्पॅनिशमध्ये ज्या नावाने ओळखतात तो ‘कोन्सिलियो’ही आला. दुसऱ्यापासून मंत्रिमंडळाचा व सल्लागार मंडळाचा शब्द आला. अमेरिकेतील स्पॅनिशमध्ये नगरसभा आणि सल्लागार मंडळ यांचे उच्चार सारखेच होतात. भेद केवळ लिहिण्यात उरतो. भाषांतरकाराने तेथे संदर्भच पाहिला पाहिजे.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही. काडिझच्या संविधानाने पोर्तुगालच्या १८२० च्या क्रांतीला स्फूर्ती दिली आणि लिस्बनलाही कोर्तेस भरली. त्या सभेसाठी गोव्यातून निवडून दिलेल्या प्रतिनिधींत बेर्नार्दो पेरेस दा सिल्वा हे गोमंतकीय होते. पुढे १८३५ साली तेच गोव्याचे प्रमुख प्रशासक झाले. गोव्याचा इतिहास लिहितानाही कोर्तेस या शब्दाचा अर्थ नीट लावावाच लागतो.

मग मराठीत लिहावे तरी कसे? ज्या काळाबद्दल आपण बोलतो त्या काळी ती सभा कोण बोलावीत असे, तीत कोण बसे आणि तिचा शब्द कोणावर चाले, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. उत्तर आपल्या संसदेशी किंवा नगरपालिकेशी जुळत असेल तर मराठी शब्द खुशाल योजावा. जुळत नसेल तर मूळ शब्द ठेवून एका वाक्यात त्याचा खुलासा करावा. पाद्री, पगार, लिलाव हे शब्द पोर्तुगिजांकडून घेऊन मराठीने आपलेसे केले. तिला आणखी चार पाहुणे जड होणार नाहीत. वाचकाला एक वाक्य अधिक वाचावे लागेल, पण मुन्योझ तोर्रेरो यांच्यासारखा माणूस कशासाठी बंदिवासात मेला, हे त्याला नेमके कळेल.