भिंतीवरचे विद्यापीठ

मोहने येथील आमच्या घरी मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधील इमारतींचे एक छापील चित्र टांगलेले आहे. पाहुणे हमखास विचारतात, "हे कुठले चर्च?" त्यांची चूक नाही. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हे इंग्लंडमधील चर्चेस उभारणारे नामांकित वास्तुशिल्पी. मुंबईस न येताच त्यांनी लंडनहून आराखडे धाडले. १८७४ साली पूर्ण झालेल्या पदवीदान सभागृहाच्या वर्तुळाकार काचखिडकीत मात्र संत नाहीत, बारा राशी आहेत. १८७८ मधील मनोऱ्यास प्रेमचंद रायचंद या जैन दात्याने आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव दिले. त्यावरील पश्चिम भारतातील विविध जातिजमातींच्या २४ मूर्तींचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडविले. आमच्या चित्रात त्या मूर्ती ठिपक्यांएवढ्या दिसतात, आणि खाली नाव छापले आहे ते केवळ स्कॉटसाहेबांचे.